उद्दिष्ट : कावळा शिवणे

कोपरच्या खाडीकाठी पूर्वी एक पिंपळ होता. एवढंच होतं. पिंपळाखाली चार सपाट दगड, दगडांपलीकडे चिखल, चिखलापलीकडे खाडीचं पाणी, आणि पिंपळावर कावळे. दहाव्याची माणसं यायची, दगडावर पिंड मांडायची, हात जोडून मागं सरायची. वरून एक काळी सावली उतरायची, भाताला चोच लागायची आणि रडून सुजलेली माणसं "शिवला, शिवला" म्हणत हलकी होऊन घरी जायची.

या सगळ्या व्यवस्थेचा सरकारला खर्च शून्य होता आणि हाच तिचा मोठा दोष होता. ज्यावर खर्च नाही त्याची फाईल नाही. ज्याची फाईल नाही त्याचं उद्घाटन नाही. आणि ज्याचं उद्घाटन झालेलं नाही ते जगात आहे, असं कुणी कुठल्या तोंडानं म्हणायचं?

तेव्हा खाडीकिनारा विकास प्राधिकरणानं तिथं 'मोक्षतीर्थ दशक्रिया संकुल' उभारलं. कमान आली, कारंजं आलं, स्टीलचे कठडे आले. वायफाय आलं, ते का, हे कुणी विचारलं नाही, कारण ते सगळीकडेच आलेलं होतं. काळ्या ग्रॅनाइटचे तीन ओटे आले आणि त्यांच्यावर पितळी पाट्या आल्या : 'पिंडस्पर्श चौथरा क्रमांक एक', 'दोन', 'तीन'. पिंपळ पार्किंगमध्ये येत होता, तो गेला.

प्रस्ताव लिहिताना सल्लागारानं उपअभियंता सुदेशला सांगितलं होतं, "नुसतं 'लोकांची सोय' लिहून वरचे पास करत नाहीत हो. मोजता येईल असं उद्दिष्ट टाका काहीतरी." सुदेश तेव्हा डबा खात होता. पोळीचा घास तोंडात ठेवूनच त्यानं लिहून टाकलं : 'पिंडाला कावळा शिवण्यासाठी लागणारा प्रतीक्षा कालावधी निम्म्यावर आणणे.' वाक्य सगळ्यांना फार आवडलं. तीन टेबलांवरून ते सह्या घेत घेत वर गेलं आणि मंजूर होऊन खाली आलं. कावळ्यांना मात्र ते कुणी दाखवलं नाही.

आणि मग ठाण्याहून लेखापरीक्षण आलं.

बिलाला पावती आहे का, पावतीला सही आहे का, एवढं पाहून चहा पिऊन जाणारं लेखापरीक्षण असतं, त्याची प्राधिकरणाला सवय होती. हे तसलं नव्हतं. हे विचारत होतं, खर्च केलात तो बरा केलात, पण त्यातून लोकांच्या पदरात काय पडलं? असले प्रश्न आले की कार्यालयात एकदम शांतता पसरते, घरात पाहुण्यांसमोर पोरानं भलतंच काही विचारावं तशी. पथकप्रमुख होत्या वैशाली मॅडम. त्यांनी प्रस्ताव वाचला, त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि कळवलं, "प्रत्यक्ष पाहणी करू. दहावं चालू असताना."

सुदेशनं गुरुजींना फोन केला. "गुरुजी, मंगळवारी एखादं चांगलं दहावं बघा ना. फॅमिली जरा सुशिक्षित हवी. आरडाओरडा नको."

"ते काय माझ्या हातात आहे होय?" गुरुजी म्हणाले. पण मंगळवारी एक होतं.

ते त्र्यंबकरावांचं होतं.

त्र्यंबकराव डोंबिवलीत जन्म काढलेले, सरकारी लेखा खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी त्या पिंपळाखाली बसायचे. पिंपळ गेल्यावर त्यांनी प्राधिकरणाला एक पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही म्हणून दुसरं लिहिलं. पुढे ते पत्रच लिहीत राहिले आणि उत्तर न येतच राहिलं. त्यांची पत्नी कलावतीबाई म्हणायच्या, "अहो, तुमची पत्रं म्हणजे माझी जात्यावरची ओवी. ऐकणारं कुणी नसलं तरी म्हणायची." त्यावर ते म्हणायचे, "तुझ्या ओवीला निदान पीठ तरी पडतं."

मंगळवारी सकाळी कलावतीबाई मुलगी हेमांगी आणि मुलगा सलिल यांच्याबरोबर मोक्षतीर्थावर आल्या. ऑक्टोबरचं ऊन आठ वाजताच चटके देत होतं. कारंजं चालू होतं. पाहणी होती ना. ओट्याशी बसता बसता कलावतीबाईंनी जाहीर केलं, "कावळा शिवल्याशिवाय मी पाण्याचा थेंब घेणार नाही."

"आई, शुगर आहे तुला," हेमांगी म्हणाली. तिच्या पर्समध्ये बिस्किटांचा पुडा होता. हात सारखा त्याच्यावर जात होता.

"शुगर मला आहे. निघायचं त्यांना आहे."

हेमांगीनं सलिलकडे पाहिलं. सलिल बंगलोरहून आलेला, सोवळं नेसून अवघडलेला. गुरुजी सांगतील तसा हात हलवत होता. पिंड झाले, पळसाच्या पानावर ठेवले, पान चौथरा क्रमांक एकवर ठेवलं. सगळे मागं सरले.

त्याच वेळी वैशाली मॅडम पोचल्या. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या, चेहऱ्यावर ते अजून होतं. सुदेश धावत पुढे गेला.

"मॅडम, आधी चहा घेऊ या. नाश्त्याला बटाटेवडे मागवलेत."

"दहाव्याला?"

"तुमच्यासाठी मॅडम. त्यांच्यासाठी नाही." मग जरा थांबून, आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे... म्हणजे कावळ्याचं वगैरे मानतात ना?"

"आम्ही बौद्ध. आमच्या घरी कावळ्याला काही विचारत नाहीत," वैशाली म्हणाल्या. "पण हे तुम्ही लिहिलंय, सुदेशजी. मी कावळ्याला विचारायला आले नाहीये. तुम्हाला विचारायला आलेय."

त्यांनी चपला काढल्या, कलावतीबाईंपाशी गेल्या, वाकून म्हणाल्या, "आजी, मी सरकारी तपासणीला आलेय. तुम्हाला चालणार नसेल तर बाहेर थांबते."

कलावतीबाईंनी मान वर केली. "लेखापरीक्षण?"

"हो."

"बसा हो. आमचेही हेच करायचे." आणि त्यांनी चटईवर जरा सरकून जागा दिली.

मग वाट पाहणं सुरू झालं.

कावळे होते. नव्हते असं नाही. कमानीवर दोघे होते, कठड्यावर एक, विजेच्या तारेवर ओळीनं पाच-सहा, लग्नाच्या पंगतीला पहिलं पान वाढायची वाट पाहणाऱ्या पाहुण्यांसारखे. माना तिरक्या करून पिंडाकडे बघत होते. येत मात्र नव्हते.

"काहीतरी इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "बोला. प्रत्येकानं बोला."

सलिलनं घसा खाकरला. "अण्णा, मी आईला बंगलोरला नेईन."

तारेवरचा एक कावळा उडाला आणि आणखी लांब जाऊन बसला.

"तिला नको असेल यायला," हेमांगी म्हणाली. "तू विचारलंस तरी का तिला?"

"अगं मग तू बोल ना."

"अण्णा, मी आईकडे दर शनिवारी येईन."

"दर शनिवारी म्हणतेस," कलावतीबाई शांतपणे म्हणाल्या, "त्यांना खोटं सांगू नकोस गं. दोन शनिवार सांग. तेवढे तरी पाळशील."

"बरं, दोन शनिवार."

कावळे बघत राहिले. ऊन ग्रॅनाइटवर चढलं. काळा दगड तवा तापावा तसा तापू लागला. कलावतीबाईंच्या कपाळावर घाम आला; तो उन्हाचा की कसला, हे हेमांगी डोळे बारीक करून बघत होती. तिच्या आईचे हात कापायला लागले की त्याचा अर्थ काय होतो, हे तिला माहीत होतं. अजून कापत नव्हते. कलावतीबाई मांडीवर बोटांनी ताल धरून पुटपुटत होत्या :

काळ्या पाखरा, बस खाली, उन्हं आली माथ्यावरी
माझा राजा ताटकळे, पाय एक उंबऱ्यावरी

सुदेश बाजूला उभा राहून घड्याळ बघत होता. प्रतीक्षा कालावधी निम्म्यावर येण्याऐवजी डोक्यावर चालला होता. अखेर तो पुढे झाला, हात जोडले आणि पिंडाला उद्देशून म्हणाला, "काका, प्राधिकरणाकडून तुमची काही इच्छा राहिली असेल तर सांगा. आपण करून टाकू. नाव काय काकांचं?"

"त्र्यंबकराव," सलिल म्हणाला. मागून आडनाव सांगितलं.

सुदेशचे जोडलेले हात तसेच राहिले. "ते... पिंपळवाले?"

"तेच."

"अरे बापरे," सुदेश म्हणाला. मग सावरून, पिंडाकडे बघत, अगदी मनापासून म्हणाला, "काका, तुमच्या सगळ्या पत्रांना उत्तर देतो. या आठवड्यात. पोच देतो, जावक क्रमांक देतो..."

"उत्तरात काय लिहिणार?" वैशालींनी विचारलं.

"ते मॅडम, तपासून..."

कठड्यावरच्या कावळ्यानं चोच पुसली आणि पाठ फिरवली.

आता सुदेशनं शेवटचं अस्त्र काढलं. खांबावर एक भोंगा होता. "मॅडम, हे आपण नंतर वाढीव कामात घेतलंय. काकआवाहन यंत्रणा. मादागास्करला वगैरे असतं असं." त्यानं बटण दाबलं. भोंग्यातून कावकावचा असा कल्लोळ फुटला की सलिलनं कानावर हात ठेवले. कमानीवरचे, कठड्यावरचे, तारेवरचे सगळे कावळे एका झपाट्यात उठले आणि खाडीवर काळा ठिपका होऊन गेले.

भोंगा एकटाच ओरडत राहिला.

"रेकॉर्डिंग कुठलं आहे?" वैशालींनी विचारलं.

"आंबिवलीचं. तिथं कचऱ्यापाशी चांगली क्वालिटी मिळाली." सुदेशनं बटण बंद केलं. "मॅडम, आंबिवलीच्या कावळ्यांना हे बाहेरचे समजत असतील. इथले जरा जुने आहेत."

हेमांगी उठली. "किती वेळ चालायचं हे? आईचा चेहरा बघा. आई, एक बिस्कीट तरी."

"नाही म्हटलं ना."

आता कलावतीबाईंचा हात मांडीवर ताल धरत नव्हता. तो कापत होता.

गुरुजींनीही ते पाहिलं. समजूतदार माणूस, शास्त्रानं वाट दिली होती ती त्यांनी काढली. "वहिनी, असं करू. दर्भाचा कावळा करतो. शास्त्रात आहे. खरा आला नाही की दर्भाचा पिंडाला लावायचा. दोष नाही." बोलता बोलता त्यांनी चार काड्या वळल्या, गाठ मारली, चोचीसारखं टोक काढलं. हातात हिरवा, टवटवीत कावळा तयार.

सुदेशचा चेहरा उजळला. दिवाळीच आली जशी. "बघा मॅडम! शास्त्रात आहे! लिहून घ्या, काकस्पर्श पर्यायी पद्धतीनं संपन्न. प्रतीक्षा शून्य. आम्ही तर म्हणतो प्रत्येक चौथऱ्यावर असा एक कायमस्वरूपी बसवू या, स्टीलमध्ये..."

"हा लाभार्थी समजायचा की लाभार्थ्याचा प्रतिनिधी?" वैशाली म्हणाल्या.

सलिलनं आईकडे पाहिलं. "आई, करून टाकू या. अण्णांना काय, तुझी काळजीच असेल ना."

कलावतीबाईंनी गुरुजींच्या हातातला तो दर्भाचा पक्षी घेतला. उलटा करून पाहिला. छान जमला होता. मग तो चटईवर ठेवला, नातवाचं खेळणं उचलून ठेवावं तसा.

"गुरुजी, तुमचं शास्त्र खोटं नाही. पण आमचे हे सगळा जन्म एकही खोटं बिल पास न करता राहिले. त्यापायी बढती गेली, गडचिरोलीची बदली घेतली, याला," त्यांनी सलिलकडे बोट केलं, "इंजिनिअरिंगला घालताना माझ्या बांगड्या गेल्या. आणि आता त्यांचं स्वतःचं शेवटचं काम मी या काड्यांवर पास करू? वर जाऊन माझ्याशी बोलणार नाहीत ते."

कारंजं तेवढं बोलत होतं.

कावळे एकेक करून परत येत होते. एक आला तो थेट चौथरा क्रमांक एकच्या वरच आला. पंख फडफडवले, पाय खाली सोडले आणि हवेतच अडला. गिरकी घेतली, पुन्हा खाली आला, पुन्हा अडला. वैशालींनी कपाळावर हात धरून वर पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

ओट्यांच्या वर, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, नायलॉनची जाळी ताणून बसवली होती. इतकी बारीक, इतक्या चांगल्या कामाची, की उन्हात दिसत नव्हती. बाजूनं आत यायला म्हणाल तर ओट्यांच्या कडांवर स्टीलचे खिळे वर टोकं करून ओळीनं उभे होते.

"ही काय आहे?" वैशालींनी विचारलं.

"ती... पक्षीप्रतिबंधक जाळी, मॅडम."

वैशालींनी पेन्सिल काढली.

"ग्रॅनाइट खराब होतो ना," सुदेश घाईनं म्हणाला. "कबुतरं घाण करतात. ते आमच्या स्थापत्य विभागाचं नाहीये. देखभाल विभागानं लावलेय. त्यांचं उद्दिष्ट वेगळं आहे. 'संकुल पक्षीमुक्त ठेवणे.'"

"ते साध्य झालंय," वैशाली म्हणाल्या.

"शंभर टक्के, मॅडम!" सुदेशच्या तोंडून अभिमानानं निघून गेलं आणि मग त्यानं जीभ चावली.

"कापा ना मग!" हेमांगी ओरडली. "कात्री नाही का इथं कुणाकडे? माझी आई इथं पाण्यावाचून बसलीय आणि तुम्ही..."

"ताई, ताई, ऐका. जाळी हमी कालावधीत आहे. आपण हात लावला की हमी गेली. कंत्राटदाराचाच माणूस लागतो." त्यानं फोन लावलाही. पलीकडून कुणीतरी विचारलं की कार्यादेश आहे का. सुदेश म्हणाला, अरे दहावं चाललंय. पलीकडून विचारलं, कुठल्या लेखाशीर्षाखाली.

कलावतीबाई उठल्या. उठताना तोल गेला; वैशालींनी एका बाजूनं धरलं, हेमांगीनं दुसऱ्या.

"सलिल, पान उचल."

"कुठं नेऊ?"

"पिंपळाखाली."

"आई, पिंपळ नाहीये आता."

"मला माहीत आहे. चल."

पार्किंग कमानीला लागून होतं. लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक, त्यावर पांढऱ्या पट्ट्या. कलावतीबाई थांबत थांबत चालल्या आणि एका चौकोनासमोर उभ्या राहिल्या. 'केवळ अधिकारी', अशी पाटी होती. त्यात प्राधिकरणाची जीप उभी होती. जीपच्या पोटाखाली, ब्लॉकच्या फटींतून, तळहाताएवढी तांबूस पालवी वर आलेली होती. पिंपळाची. खोड जमिनीसपाट कापलेलं, वरून ब्लॉक बसवलेले. तरी आलीच होती.

"गाडी काढा," कलावतीबाई म्हणाल्या.

सुदेशनं वैशालींकडे पाहिलं. वैशालींनी गाडीकडे पाहिलं. सुदेशनं खिसे चाचपले, ड्रायव्हरला हाक मारली. ड्रायव्हर बटाटेवडे खात होता. तो हात पुसत आला, गाडी मागं गेली आणि त्या चौकोनावर आभाळ मोकळं झालं.

सलिलनं पान पालवीशी ठेवलं. सगळे मागं सरले. कलावतीबाई मात्र हात सोडवून दोन पावलं पुढेच उभ्या राहिल्या. आणि पिंडाशी बोलल्या, रोज संध्याकाळी चहाचा कप पुढे करताना बोलत असतील त्या आवाजात.

"अहो. पोरांनी काय काय कबूल केलंय, ते निम्मं पाळतील. तुमच्या पत्रांचं मला माहीत नाही. पण या बाई ठाण्याहून आल्यात. त्यांनी वर बघितलं." त्या वैशालींकडे वळल्या. "त्यांना सांगा हो काय ते. तुमच्या भाषेत. त्यांना तीच कळते."

वैशालींच्या घरी मेलेल्या माणसाला वंदन करतात, निरोप देतात. अहवाल देत नाहीत. पण त्या पुढे झाल्या, ओढणी सावरली आणि त्या तांबूस पालवीपुढे, वरिष्ठांसमोर उभं राहावं तशा ताठ उभ्या राहून म्हणाल्या,

"सर, खर्च झाला. हेतू साध्य झाला नाही. आक्षेप कायम ठेवतेय. वगळणार नाही."

तारेवरून एक कावळा सुटला. अजिबात घाई न करता, जुन्या वाटेनं यावं तसा खाली आला. पानापाशी टुणकन उतरला, मान तिरकी करून सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि भातात चोच घातली.

"शिवला!" सलिलचा आवाज फुटला. "आई, शिवला!" आणि सोवळ्यातला तो थोराड मुलगा लहान पोरासारखा रडायला लागला.

"आक्षेपाचं ऐकलं आणि आला बघा," गुरुजी डोळे पुसत म्हणाले.

"जाळी नव्हती म्हणून आला," वैशाली म्हणाल्या. पण हळू म्हणाल्या.

हेमांगीनं आईला सिमेंटच्या कडेवर बसवलं, बाटली तोंडाला लावली. कलावतीबाई पाणी प्यायल्या, थांबल्या, पुन्हा प्यायल्या. बिस्कीट खाल्लं. हात थांबला. गालांवर जरा रंग आला. आणि डोळे मिटून त्या पुटपुटल्या :

झाड नेलं, सावली नेली, नवा दगड जागेवरी
काळ्या पाखराची ओळख अजून त्याच फांदीवरी

तेवढ्यात पाठीमागून सुदेशचा आवाज आला. भीती ओसरली होती, आणि त्या जागी काहीतरी सुचलेलं होतं.

"मॅडम, एक नोंद घ्याल का? पार्किंग आमच्याच हद्दीत येतं. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या काकस्पर्श संकुलातच झालाय."

पण बोलताना सुदेश वैशालींकडे बघतच नव्हता. तो त्या पालवीभोवती फिरत होता, पावलं टाकून लांबी मोजत होता, मान वर करून आभाळाकडे बघत होता. हातानं हवेत एक चौकोन काढला.

"स्पॉट मात्र भारी आहे," तो म्हणाला. "इथं एक चौथरा क्रमांक चार घेऊ. ग्रॅनाइटच. लोक उन्हात उभे राहतात, त्यांच्यासाठी वर छत. आणि छत आलं की कबुतरं येणार, तेव्हा लगेच त्याच अंदाजपत्रकात..."

कलावतीबाईंनी डोळे उघडले. कावळा अजून पानावरच होता, निवांत, शेवटची शितं टिपत. त्या हेमांगीच्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या, त्याच्या जवळ गेल्या आणि पदर झटकला.

"अहो, आटपा आता," त्या म्हणाल्या. "हे लोक छत घालायच्या आत निघा."